नानांची टिपणवही

लखनौचे घर विकावयाचे ठरले, त्याआधी एक हिवाळा मी तेथे एकटीच जाऊन राहिले. आई गेल्यापासून दोन वर्षे घर बंद होते. भांडीकुंडी, देव्हारा, पुस्तके यांची वाटणी करता करता आईच्या लोखंडी पेटीच्या तळाशी, लुगड्यांच्या घड्यांखाली, वडिलांची एक वही हाती लागली. निळ्या पुठ्ठ्याची, शाळकरी मुलांकडे असते तशी साधी वही. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. कचेरीतील नोंदी ते इंग्रजीत करीत आणि त्या अर्थातच कचेरीच्या दप्तरी राहिल्या. ही वही मात्र त्यांची स्वतःची होती, आणि ती मराठीत लिहिलेली होती. पहिल्या पानावर १९७९ हे साल घालून खाली पट्टीने रकाने आखले होते: पिंजरा, जीव, वजन, दिवस, बळी.

तो शेवटचा शब्द वाचून मी वही मिटून ठेवली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. आयुष्यभर साहित्य शिकविणाऱ्या माणसाला एखाद्या शब्दापुढे असे थबकण्याची सवय असते. परंतु या वेळी तो शब्द माझ्या वडिलांच्या अक्षरात होता.

नाना अकोले तालुक्यातले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत त्यांचे गाव. तेथून लखनौस येण्याचे कारण साधे होते, आणि ते म्हणजे नोकरी. मध्यवर्ती औषधसंशोधन संस्थेचे उद्घाटन १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. त्यानंतर वर्षा-दीड वर्षातच नाना तेथील प्राणीगृहात साहाय्यक म्हणून रुजू झाले. भातखंड्यांनी १९२६ साली याच नगरीत संगीताचे विद्यालय उभे केले होते, त्यामुळे लखनौकरांच्या मनात मराठी माणूस म्हटला की तानपुरा आणि स्वरलिपी उभी राहत असे. शेजारच्या बेगमसाहेबांनी नानांना प्रथम विचारले ते हेच, की आपण कोणते वाद्य वाजविता? नानांनी नम्रपणे सांगितले, 'मी उंदीर सांभाळतो.'

संस्था होती छत्तर मंझिलीत. गोमतीकाठचा हा नबाबी राजवाडा. त्याच्या घुमटावरील छत्रीवरून त्याला हे नाव पडले. १८५७ नंतर तो इंग्रजांच्या क्लबाकडे गेला आणि स्वातंत्र्यानंतर तेथे औषधे शोधण्याचे काम सुरू झाले. पुढे साठ वर्षांनी संस्था शहराबाहेर जानकीपुरमच्या बाजूस नव्या वास्तूत गेली. परंतु माझ्या बालपणीची संस्था म्हणजे उंच कमानी, जाड भिंती, नदीवरून येणारा गार वारा आणि त्यात मिसळलेला भुशाचा व औषधांचा वास. तो वास नानांच्या कपड्यांना असे. संध्याकाळी ते घरी आले की अंगणातल्या नळावर हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच आत येत. आई वारकरी घराण्यातली. तिने नानांना त्यांच्या कामाबद्दल कधी एक शब्द विचारला नाही आणि त्यांनी कधी सांगितला नाही. मात्र भाद्रपदात गणपती बसले की नैवेद्याच्या एकवीस मोदकांखेरीज आई एक इवलासा मोदक निराळा करी, आणि तो मूर्तीच्या पायाशी असलेल्या उंदरापुढे ठेवण्याचे काम नानांचे असे. ते दुसऱ्या कोणी करावयाचे नाही, असा आमच्या घरचा अलिखित नियम होता. त्याचा अर्थ कळण्याइतकी मी तेव्हा मोठी नव्हते.

१९७७ साली बिहारात काळ्या आजाराची मोठी साथ पसरली. ताप, पोटात वाढत जाणारी पानथरी, झिजत जाणारा देह, काळवंडणारी कातडी, आणि औषध न मिळाल्यास बहुधा मृत्यू, असा हा रोग. त्याचा परजीवी १९०३ साली लीशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे प्रसिद्धीस आणला. पुढे १९२२ साली कलकत्त्याच्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी अँटिमनीपासून बनविलेले यूरिया स्टिबामाइन पुढे आणले आणि असंख्य माणसे वाचली. परंतु अँटिमनीची औषधे विषारी, आणि परजीवी हळूहळू त्यांना दाद देईनासे झाले. नव्या औषधाचा शोध हा म्हणून पांडित्याचा प्रश्न नव्हता. गंगेच्या खोऱ्यातील मातीच्या झोपड्यांत, वाळूमाशीच्या चाव्याने आजारी पडणाऱ्या मुलांचा तो प्रश्न होता.

हे औषध माणसास देण्यापूर्वी ज्याच्यावर पाहावयाचे तो प्राणी म्हणजे सोनेरी हॅमस्टर. त्याच्या कुळाची कथा मी पुढे वाचली तेव्हा मला आश्चर्य वाटले. जेरुसलेमचे सॉल अॅडलर हे शास्त्रज्ञ याच जातीच्या रोगांवर काम करीत होते आणि त्यांना प्रयोगास योग्य असा, बंदिवासात वीण देणारा प्राणी हवा होता. त्यांच्यासाठी प्राणिशास्त्रज्ञ अहारोनी यांनी १९३० साली सिरियातील हलब शहराजवळच्या शेतात खणून एका मादीला तिच्या पिलांसह बाहेर काढले. पुढे कित्येक दशके जगभरच्या प्रयोगशाळांत आणि घराघरांत जे सोनेरी हॅमस्टर वाढले ते बहुतेक त्या एकाच बिळातील पिलांचे वंशज. आपल्याकडे ज्यास काळा आजार म्हणतात, त्या जातीच्या रोगापायी हा प्राणी मनुष्याच्या हाती सापडला, आणि नानांच्या वहीतील प्रत्येक 'जीव' त्या बिळापाशी जाऊन पोहोचतो.

आता अडचण अशी की परजीवी राहतात ते यकृतात, पानथरीत आणि हाडांच्या मगजात. बाहेरून काहीच दिसत नाही. औषध लागू पडले की नाही हे जाणण्यासाठी आत पाहिले पाहिजे, आणि त्या काळी आत पाहावयाचे म्हणजे उघडूनच पाहावयाचे. भूल देऊन पानथरीचा तुकडा काढावयाचा, त्याचा ठसा काचपट्टीवर घ्यावयाचा, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी मोजावयाचे. नाहीतर ठराविक दिवशी काही प्राणी मारून त्यांचे अवयव तपासावयाचे. सातव्या दिवशी काय झाले हे कळावयाचे असेल तर सातव्या दिवशी काही जीव गेले, चौदाव्यासाठी दुसरे, अठ्ठाविसाव्यासाठी तिसरे. प्रत्येक मुक्कामास सहा प्राणी धरले आणि मुक्काम पाच असले, तर तीस झाले; आणि एवढे करूनही एकाच प्राण्याचा आजार वाढताना किंवा ओसरताना कोणीच पाहिलेला नसतो. सातव्या दिवसाचा प्राणी वेगळा, चौदाव्याचा वेगळा. त्यांच्यामधली रेघ माणूस अंदाजाने ओढतो.

'जीव सहा, बळी चार, शिल्लक दोन.' नानांच्या वहीत अशी पानेच्या पाने आहेत.

इंग्रजी शास्त्रीय लिखाणात प्रयोगाअंती प्राण्यास मारले म्हणजे तो 'सॅक्रिफाइस' केला, असे लिहिण्याचा जुना प्रघात आहे. नानांनी त्याचे भाषांतर केले, आणि कोशात पाहिले तर ते बिनचूक आहे. परंतु मराठीत हा शब्द कोशाबाहेर पुष्कळ भटकून आलेला आहे. आपण बळी देतो, बळी घेतो आणि बळी जातोही. एकाच नामाला तीन क्रियापदे, आणि प्रत्येकाबरोबर कर्त्याची जबाबदारी बदलते. देणारा देवतेपुढे उभा असतो आणि काही मागत असतो. घेणारा अपराधी असतो. जाणाऱ्याचा काही इलाज नसतो. पाताळात ढकलला गेलेला दानशूर राजाही बळीच, आणि त्याच्या नावाने आपण शेतकऱ्याला बळीराजा म्हणतो. नानांनी रकान्यावर नुसते नाम लिहिले आणि क्रियापद लिहिले नाही. आपण दिला, घेतला की तो गेला, याचा निर्णय त्यांनी केला नव्हता, किंवा त्यांना तो करवत नव्हता.

बळीच्या सर्व कथांत मनाला निःशंक पटते ती एकच, स्वतःचे मांस तराजूत घालणाऱ्या शिबी राजाची. विज्ञानाच्या इतिहासातही तिचे पडसाद आहेत. मुंबईत प्लेगने हाहाकार उडविला असताना हाफकिन यांनी आपली लस प्रथम टोचून घेतली ती स्वतःच्या अंगात, १० जानेवारी १८९७ रोजी. परंतु हाफकिनही त्यापूर्वी प्राण्यांकडे गेलेच होते. तराजूच्या एका पारड्यात स्वतः बसणारा माणूस आपल्याला दिसतो. दुसऱ्या पारड्यापाशी आधी कोण बसून गेले ते दिसत नाही.

वही सापडल्यानंतर आठवड्याभरात शेजारच्या घरची नात मला भेटावयास आली. तिच्या आजीशी माझ्या आईचा चाळीस वर्षांचा घरोबा. ही मुलगी शहरातील एका प्रयोगशाळेत संशोधन करते, आणि योगायोग असा की तिचाही विषय काळा आजारच. मी तिला वही दाखविली. देवनागरी असल्यामुळे तिला अक्षरे लागली. रकाने पाहून ती म्हणाली, 'पहले खोलकर देखना पड़ता था, आंटीजी. अब हम सुलाकर देख लेते हैं.' मग तिने आपल्या संगणकावर मला काही चित्रे दाखविली. प्राणीगृहात बाहेरच्या माणसाला जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु पडद्यावर मी जे पाहिले ते नानांनी पाहिलेले नव्हते.

एक हॅमस्टर पोट वर करून निजलेला. पोटावरचे केस काढलेले, कारण केस प्रकाश अडवितात. त्याच्या करड्या छायाचित्रावर, पानथरीच्या जागी, निळ्या-हिरव्या-तांबड्या रंगाचा एक ठिपका. पुढच्या चित्रात तोच प्राणी आठवड्यानंतर, ठिपका मोठा. त्यापुढच्या चित्रात औषधाच्या मात्रा झाल्यानंतर तोच प्राणी, आणि ठिपका विझत आलेला. 'तोच?' मी विचारले. 'वही,' ती म्हणाली. मला त्या एका शब्दाने जे कळले ते पुढच्या तासाभराच्या स्पष्टीकरणाने पक्के झाले.

हा प्रकाश काजव्याचा आहे. अमेरिकेतील एका काजव्याच्या शरीरात जो प्रकाश पाडणारा विकर असतो, त्याचे जनुक १९८५ साली वेगळे करण्यात यश आले. ते जनुक रोगाच्या परजीवीमध्ये घालावयाचे. मग प्राण्यास भूल देऊन ल्युसिफेरिन हे द्रव्य टोचले की जेथे जेथे जिवंत परजीवी असेल तेथे तेथे अतिशय मंद उजेड पडतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. परंतु जिच्यात बाहेरचा किरणही शिरणार नाही अशा काळ्या पेटीत प्राणी ठेवून, शून्याच्या कितीतरी खाली थंड केलेल्या कॅमेऱ्याने काही मिनिटे पाहिले, की त्वचेतून बाहेर येणारे प्रकाशकण मोजता येतात. परजीवी मेला की त्याचा दिवा विझतो. १९९५ साली स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी जिवंत उंदरांच्या देहातील रोगजंतूंचा उजेड अशा रीतीने बाहेरून टिपून दाखविला, आणि त्यानंतर ही रीत जगभर पसरली.

माणसासाठी केलेली इतर यंत्रेही याच सुमारास लहान होत गेली. हे लहान होणे वाटते तितके सोपे नाही. उंदराचे वजन वीस-पंचवीस ग्रॅम, आणि त्याचे हृदय मिनिटास पाचशे-सहाशे वेळा पडते. माणसाच्या यंत्राला जे चार-पाच मिलिमीटरचे अंतर क्षुल्लक वाटते, त्यात उंदराचे अख्खे हृदय मावून जाते. म्हणून क्ष-किरणांचे यंत्र असे करावे लागले की मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक तपशील दिसावा. चुंबकीय यंत्राचे चुंबक अधिक बलवान करावे लागले. आणि श्वासाच्या व ठोक्याच्या तालावर चित्रे घेण्याची युक्ती योजावी लागली. थोडक्यात, त्या एवढ्याशा जीवाच्या लयीशी यंत्राला आपली लय जुळवून घ्यावी लागली.

काजव्याचे नाव ऐकून मात्र माझे मन यंत्रापाशी थांबले नाही. नाना वर्षांतून एकदा, ज्येष्ठात, पाऊस पडण्याच्या तोंडावर आम्हा भावंडांना गावी नेत. त्या दिवसांत अकोल्याच्या डोंगरांत हिरड्या-बेहड्याच्या झाडांवर काजव्यांचे थवे उतरतात. एक झाड लखलखते आणि विझते, मग दुसरे. नाना आम्हांस हात लावू देत नसत. 'बघायचं. धरायचं नाही,' एवढेच म्हणत. मुलांना रागावण्याचा सूर त्यात नसे. दिवसभर धरण्याचे काम करणाऱ्या माणसाला धरल्यावाचून पाहता येण्यात काय सुख असेल, हे मला आज पडद्यासमोर बसल्यावर समजले.

नानांनी ही रीत पाहिली नाही, परंतु तिच्या एका भावंडाशी त्यांची गाठ पडली. २००८ साली ते माझ्या भावाकडे मुंबईस असताना त्यांच्या पोटात गाठ असल्याचा संशय आला आणि त्यांची पेट-स्कॅन तपासणी झाली. उपाशीपोटी किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचावयाची; ते फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मे उरते, म्हणून सारी घाई. तासभर अंधुक खोलीत न बोलता, न हलता पडून राहावयाचे, आणि मग त्या मोठ्या कड्यातून आत-बाहेर सरकावयाचे. भुकेल्या पेशी साखर अधिक घेतात आणि चित्रात उजळतात. बाहेर आल्यावर नाना पुष्कळ वेळ गप्प होते. रिक्षात बसल्यावर म्हणाले, 'मला निदान सांगितलं, हलू नका म्हणून. त्यांना कोण सांगत होतं?'

मी तेव्हा त्यांचा हात हाती घेतला आणि विषय बदलला. दुसऱ्या वर्षी ते गेले. त्या वाक्याला उत्तर द्यावयाचे माझ्याकडून राहून गेले, ही खंत मला आहे. आज मी त्यांना काही गोष्टी सांगू शकले असते. रसेल आणि बर्च या दोघा इंग्रजांनी १९५९ साली तीन सूत्रे मांडली: शक्य तेथे प्राण्यावाचून काम भागवावे, न भागल्यास थोड्या प्राण्यांवर भागवावे, आणि त्या थोड्यांना कमीत कमी क्लेश द्यावेत. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या प्रश्नातून १९६० चा कायदा झाला आणि १९९८ च्या नियमांपासून प्रयोगापूर्वी संस्थेच्या समितीची संमती लागू लागली. तीसांच्या जागी सहा प्राणी पुरू लागले ते काही अंशी त्या काजव्यामुळे. हे सारे मी सांगितले असते. परंतु नानांनी लगेच विचारले असते, 'आणि त्या सहांचं पुढे काय होतं?'

मी ते त्या मुलीला विचारले. तिने आडपडदा ठेवला नाही. चित्र पुरेसे नसते, ती म्हणाली. रक्त प्रकाश शोषून घेते, आणि पानथरी तर रक्ताने भरलेली. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खोलीवरचा उजेड बाहेर येईतो फार क्षीण होतो. ठिपक्याचे तांबडे-निळे रंगही खरे नव्हेत. ते संगणकाने आकड्यांवर चढविलेले असतात. म्हणून अखेरीस अवयव तपासून चित्राची खातरजमा करावीच लागते. सहाही प्राणी शेवटी जातातच.

आपल्या समीक्षेत 'प्रतिमा' हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. त्याच्या पोटात 'मा' हा धातू आहे, आणि त्याचा अर्थ मोजणे. एका वस्तूसमोर दुसरी मोजून ठेवणे, ती प्रतिमा. त्या मुलीच्या पडद्यावरील ठिपका या मूळ अर्थाने प्रतिमा आहे. एकेक प्रकाशकण मोजून ती उभी केली आहे. तिने पाहणे आणि मारणे यांमध्ये काही आठवड्यांचे अंतर पाडले. पूर्वी ही दोन्ही कामे एकाच क्षणी होत. हे अंतर थोडे नाही. परंतु प्रतिमा हाती आली म्हणजे जीव मोकळा झाला, असे समजणे हे आपल्याच धंद्यातील एका जुन्या चुकीसारखे होईल. कवितेत दुःखाची प्रतिमा साधली म्हणजे दुःखाचे देणे फिटले, असे आपणही कित्येकदा मानून चालतो.

निघताना ती मुलगी वहीकडे पुन्हा पाहू लागली. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून तिने विचारले, याचा नेमका अर्थ काय? मी सांगितला. ती म्हणाली, आता कागदपत्रांत हा शब्द पुष्कळ ठिकाणी लिहीत नाहीत, 'यूथनाइज' लिहितात. म्हणजे सुखाने मरण देणे. नवा शब्द अधिक नेमका आहे हे मला मान्य आहे. भूल दिलेली असते, वेदना होऊ नये म्हणून काळजी घेतलेली असते, आणि देवघेवीचे कसलेही सोंग त्यात नाही. तरीही त्या शब्दात घेणारा कोठे दिसत नाही. बळी या शब्दात काही मागण्यासाठी उभा राहिलेला माणूस आहे. बिहारातली ती मुले आहेत, औषध आहे, आणि त्यासाठी कोणी काही दिले याची नोंद आहे. नानांनी तो शब्द निवडला तेव्हा एवढा विचार केला असेल असे मी म्हणणार नाही. त्यांना इंग्रजी शब्दासाठी मराठी हवा होता आणि तो आपोआप आला असावा.

वहीच्या अखेरच्या काही पानांवर रकान्यांच्या बाहेर, समासात, बारीक अक्षरात एक ओळ आहे. 'पिंजरा ९. उजवा कान फाटका. हात पुढे केला की पुढे येतो.' त्याच ओळीसमोर, आतल्या रकान्यात, दिवस अठ्ठाविसावा आणि बळी एक. अक्षर इतर पानांवर आहे तसेच आहे. सरळ आणि स्वच्छ.

घर विकले गेले. ती वही मी माझ्याबरोबर आणली. भाद्रपदात माझ्याही घरी गणपती बसतात. एकवीस मोदक झाले की उरलेल्या उकडीचा एक लहानसा मोदक मी निराळा करते आणि उंदरापुढे ठेवते. नातवंडे विचारतात, हा कोणासाठी? अजून त्यांना मी एवढेच सांगते, की हे काम तुमच्या पणजोबांचे होते.